पाणीआईचं कुलूप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळायचं.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा होऊन महिना झाला होता. थंडी सरली होती. थंडी सरली की जाड चादरी धुऊन, वाळवून पेटीत घालायच्या, हा तिचा नेम. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही धड तासभर नाही. प्यायचं भरून झालं, वापरायचं भरून झालं, आणि मग उरलेल्या धारेखाली तिनं चादर धरली. सोलापुरी चादर कोरडी असते तोवर ठीक. भिजली की रेडकासारखी जड होते. एकट्यानं पिळत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. आणि मग लग्नापासनं चालत आलेलं भांडण.

"अवं, उलटा पीळ द्या की! मी जिकडं फिरवते तिकडंच काय फिरवताय?"

"मी बरोबर फिरवतोय. तूच उलटं फिरवतीस."

"दोगं एकाच अंगाला फिरवलं तर पीळ बसंल का? दोरीवरच्या उड्या खेळतोय का आपण?"

शेवटी बसला पीळ. पाणी पडलं. बोळातनं वाहत चाललेल्या त्या पाण्याकडं बघत ती म्हणाली, "दोन घागरी कमी पडल्या. साबण ऱ्हायलाय आत. हापसा मोकळा असता तर..."

चादर तारेवर टाकली. दुपारी आम्ही भाकरी खाल्ली. ती उंबऱ्यात बसली आणि बसल्या जागीच कलंडली. मी हाका मारल्या. शेजारची नरसम्मा पळत आली. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा न्यायचं काही उरलं नव्हतं. तारेवरची चादर अर्धी ओलीच होती. नरसम्मानं तीच ओढून काढली, जमिनीवर अंथरली आणि आम्ही हिला त्यावर निजवलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. गिरणीत नोकरी झाली, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी झाली. लिहायची सवय नाही. पण हिच्याबद्दल बोळात जे बोललं जातंय ते ऐकून गप्प बसवेना. देवीचा कोप झाला म्हणून गेली, म्हणतात. ती देवी कोण, कुठली, तिला देवी कुणी केली, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

नाव कौसल्या. माहेर वळसंगचं. बारकी, काळी, हाडकुळी बाई. आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा. गिरणी बंद पडली, भोंगा बंद पडला, हिचा काही बंद पडला नाही. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात तिच्या आवाजानं लोक घड्याळ लावायचे. स्वयंपाक बरा करायची, चांगला नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं तर डबाच समोर आणून आपटायची. गोड बोलणं तिला माहीत नव्हतं, आणि ते शिकवावं असं मलाही कधी वाटलं नाही.

तिला एक खोड होती. घरातलं काही मोडलं तर तिला घाई नसायची. आमच्या दाराची कडी निखळली होती, ती तिनं दोन वर्षं सुतळी बांधून चालवली. पत्रा गळायचा तिथं पातेलं ठेवून मोकळी व्हायची. पण बोळातल्या गटाराचं झाकण सरकलेलं दिसलं की जेवणावरनं उठायची. रस्त्यावरचा दिवा भर उन्हात जळत असला की तिला बघवायचं नाही. खांबाखाली उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "हे कुणाच्या बापाचं तेल जळतंय?"

मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, ते गावाचं आहे. आपलं घर आधी बघ."

"गावाचं म्हंजे कुणाचंच न्हाय, असं तुमाला वाटतं. गावाचं म्हंजे माझं बी हाय की."

एकदा आम्ही अक्कलकोटला गेलो होतो. दर्शन झालं, प्रसाद झाला, परतीच्या गाडीला स्टँडवर उभे. तिथं एक नळ वाहत होता. चावी तुटलेली, पाणी धो धो. पाच-पन्नास माणसं तिथं उभी होती, सगळी बघत होती. एकजण त्या पाण्यात चप्पल धूत होता. हिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि गेली. आधी पानाच्या टपरीवाल्याकडं दोरी मागितली. तो हसला. मग हिनं पदराच्या काठाची पट्टी टरकन फाडली, शेजारचं लाकडाचं ढलपं उचललं, ते नळाच्या तोंडात ठोकलं आणि वरनं पट्टी आवळत बसली. तेवढ्यात गाडी लागली. मी हाका मारतोय, कंडक्टर घंटी मारतोय, आणि ही भिजलेली, दातात पट्टीचं टोक धरून गाठ मारतीय. तिथं बसलेली एक म्हातारी कानडीत म्हणाली, "साकु, बिडव्वा." पुरं, सोड बाई. ही म्हणाली, "साकु कसं? अजून गळतंय."

गाडी गेली. पुढची गाडी मिळेपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ती माझ्याशी बोलत होती. "बगा, थेंब न्हाय. हाय का थेंब?" सबंध वेळ हेच. लुगडं नवं होतं. मीच घेतलेलं.

तर हापशाचं सांगतो.

आमच्या बोळाच्या तोंडाला हापसा होता. कुठल्याशा दुष्काळात पाडलेली बोअर. पाणी मचूळ, चहाला चालायचं नाही, पण वापरायला बक्कळ आणि कधी न आटणारं. घरोघर नळ आले तेव्हा लोक त्याला विसरले. नळाला पाणी आलं नाही की मग सगळ्यांना आठवायचा. कौसल्या मात्र त्याला कधी विसरली नाही. आठवड्याला एकदा करडईच्या तेलाची वाटी घेऊन जायची. सांध्यात तेल सोडायची, चिंधीनं दांडा पुसायची, मग हातातली बांगडी पाइपावर वाजवून कान लावायची. काय ऐकायची कुणास ठाऊक. मी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय. बरं वाटतं."

तिथं तिचे कायदे चालायचे. तोटीला घागर आपटायची नाही. दांड्याला लोंबकळायचं नाही. आणि हापशाशी कपडे धुवायचे नाहीत, कारण साबणाचं पाणी मुरून परत खालीच जातं. ह्या तिसऱ्या कायद्यावरनं नरसम्माशी तिचं जे भांडण झालं ते ऐकायला वरच्या बोळातले लोक आले होते. नरसम्मा विणकराच्या घरातली, तेलुगू बोलणारी, विड्या वळून घर चालवलेली, तीही काही कमी नाही.

"अय्यो कौसक्का, हापसा तुमच्या बापाचा काय?"

"बापाचा असता तर धू म्हणाले असते. गावाचा हाय म्हणून न्हाय."

"मग मी गावाची नाही काय?"

"हायस की. तुज्या पोटात बी हेच पाणी जानार हाय. उचल बादली."

नरसम्मानं बादली उचलली. दोघी महिनाभर बोलल्या नाहीत, आणि मग नरसम्माच्या घरी आजारपण आलं तेव्हा हीच दोन घागरी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. तेव्हापासनं दोघी सख्ख्या बहिणी.

हापसा बिघडला की जब्बार. कोपऱ्यावर त्याचं सायकलचं दुकान. वर हापिसात सांगून माणूस यायचा तोवर जत्रा येऊन जायची, म्हणून ही जब्बारलाच हाताला धरून आणायची. तो दांड्याचा खिळा बदलायचा, बेअरिंग बसवायचा. हापिसातनं माणूस आलाच तर तोही जब्बारच्याच दुकानातला पाना मागून न्यायचा. कामाचं ही त्याला काही देत नव्हती, चहा पाजायची, आणि चहाबरोबर शिव्या.

"काकी, इत्ता तेल मेरी सायकलकू बी नई लगता. हापसा हे के पैलवान?"

"तू गप. नीट बसव. मागल्या खेपेला बसवलास ते चार म्हैन्यात करकरायला लागलं."

"आदमी बी करकरते काकी चार म्हैने में. आपके काका देखो."

मी तिथंच उभा असायचो. दोघं माझ्याकडं बघून हसायचे.

मग आमच्या बोळाचा विकास आला. सिमेंटचा रस्ता होणार. एक साहेब आले, फीत धरली, आणि म्हणाले हापसा मध्ये येतोय, काढावा लागेल. त्याच्या जागी मोटार आणि काळी टाकी देऊ, बटण दाबलं की पाणी. सगळे खूश. दिलीप तर फारच खूश. दिलीप म्हणजे आमच्या बोळातला पुढारी. तेव्हा नुसताच होता, आता पांढरे कपडे घालतो.

कौसल्या साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "साहेब, मोटार जळल्यावर कोन येनार?"

"दुरुस्ती होईल ना आजी."

"मागल्या बोळात टाकी हाय. मोटार जळलीय. टाकीवर नाव चांगलं रंगवलंय, आत पाली हायत. चला, दावते."

साहेब काही गेले नाहीत बघायला. उद्या जेसीबी येईल म्हणाले आणि निघाले. ती दोन-चार ठिकाणी जाऊन बोलून आली. कुणी ऐकलं नाही. हापशासाठी भांडतीय म्हणून हसले. मीही म्हणालो, "जाऊ दे. टाकी तर टाकी."

सकाळी मी तोंड धूत होतो. ही देव्हाऱ्यातली शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर पडली. मला वाटलं मारुतीला चालली. ती गेली हापशाकडं. त्याच्या डोक्यापासनं तोटीपर्यंत शेंदूर चोपडला. हिरवा खण गुंडाळला. खाली नारळ ठेवला, दोन उदबत्त्या लावल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन समोर मांडी घालून बसली.

जेसीबी आला. ड्रायव्हर बीडकडचा कुणी पोरगेला बाप्या होता. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, आधी चपला काढल्या. हात जोडले. मग विचारलं, "मावशी, कुठला देव?"

हिनं डोळे मिटलेले. उघडले नाहीत. म्हणाली, "पाणीआई हाय."

"जागृत आहे का?"

"लई."

तो परत गाडीत बसला, गाडी मागं घेतली आणि गेला. साहेबांना त्यानं काय सांगितलं माहीत नाही. रस्ता झाला, हापशाला वळसा घालून झाला. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसत होती. भाकऱ्या थापताना हसायची, थांबायची, परत हसायची. नरसम्मा येऊन तिच्या पाठीत गुद्दे घालून गेली. मी तिला इतकी हसलेली आधी बघितली नव्हती, नंतरही बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी ती हापशावर गेली आणि पाणी भरून आली. शेंदूर हाताला लागला, तो तिनं लुगड्याला पुसला. चार दिवस असंच चाललं. पाचव्या-सहाव्या दिवशी बघते तर हापशापुढं ताजा नारळ. तिनं ठेवलेला नव्हे. कुणीतरी वाढवलेला.

"खोबरं चांगलं हाय," असं म्हणत ती तो घरी घेऊन आली. चटणी केली. आम्ही खाल्ली.

मग नारळ वाढत गेले. कुणाची सून नांदायला परत आली, कुणाचा मुलगा पास झाला. सगळं पाणीआईनं केलं. दिलीपनं वर्गणी काढली. हापशाभोवती चौथरा बांधला, फरशी बसवली, स्टीलचे कठडे लावले. तोटीच्या वर पितळी मुखवटा बसवला, डोळे मोठे, नाकात नथ. घंटा आली, भोंगा आला. शेवटी एके दिवशी दांड्याला लाल कापड गुंडाळून साखळी घातली आणि साखळीला कुलूप.

ही पाणी भरायला गेली तर कुलूप. तशीच घागर घेऊन दिलीपच्या दारात.

"दिल्या, कुलूप काड."

"आजी, असं कसं? दांडा म्हणजे आईचा हात. आईचा हात धरून कुणी असा वर-खाली हिसकतं का?"

"आरं, कुटली आई? मी केलंय ते सोंग. आमच्या देव्हाऱ्यातल्या पुडीतला शेंदूर हाय तो. जेसीबीला हाकलायला लावला. तुला बी म्हाईत हाय, तू बी हसलास की त्या दिवशी!"

दिलीप हात जोडून उभा राहिला. खरंच हात जोडून. म्हणाला, "आजी, तुम्ही नाही केलं. देवीनं तुमच्या हातनं करून घेतलं."

सगळ्या पेठेला तोंड बंद करायला लावणारी बाई, रिकामी घागर घेऊन परत आली.

वरनं पहिल्या वर्षाच्या उत्सवाला तिलाच पुढं बसवायचं ठरलं. शाल, नारळ, हार. भोंग्यावर सांगितलं की ह्या माउलीला आईनं दृष्टान्त दिला. ती उठून उभी राहिली आणि त्या माणसाच्या हातातला माइक धरून म्हणाली, "मला काय दृष्टान्त-बिष्टान्त न्हाय. हापसा हाय तो. पाणी भरा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ही नम्रतेनं बोलतीय.

चौथऱ्यावर पाटी लागली. पाणी काढण्यास सक्त मनाई. सुतक व विटाळ असणाऱ्यांनी पाऊल ठेवू नये. जब्बारला 'येऊ नको' असं कुणी म्हणालं नाही. तशी गरजच पडली नाही. तो आपणहून त्या बाजूनं जायचा बंद झाला. ही एकदा त्याच्या दुकानात गेली. मी बरोबर होतो.

"का रं, आता येत न्हाईस? बिनवापराचं गंजून जाईल ते. ये, एकदा बगून जा की."

जब्बार चाकाच्या तारा आवळत होता. वर बघितलं नाही. "काकी, वो अब हापसा नई हे."

"हापसाच हाय. मी सांगते की."

"आप बोल सकते. मैं नई बोल सकता. बालबच्चे हे मेरेकू. नक्को काकी."

त्या दिवशी तिनं चहा पाजायला म्हणून नेलेला गडवा तसाच परत आणला. घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "मीच केलं हे," एवढंच बोलली. मी म्हणालो, तू चांगल्यासाठी केलंस. तर माझ्यावर ओरडली, "चांगल्यासाटी केलं म्हून काय झालं? पाणी कुटं हाय?"

उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस रुसायचा. मग मोठ्या रस्त्यावर टँकर यायचा. बोळातल्या सगळ्या बायका घागरी घेऊन त्या चौथऱ्यावरनं जायच्या, एका हातानं नमस्कार करायच्या, आणि टँकरपुढं जाऊन एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. खाली पाणी, वर कुलूप, आणि बायका टँकरला. मी हे डोळ्यांनी बघितलंय. नरसम्माही नमस्कार करायची. ही मात्र त्या पितळी तोंडाकडं बघत शिव्या देत जायची. दोन घागरी घेऊन, ह्या वयात. मी एक घेतो म्हटलं तर म्हणायची, "तुमी सांडता."

एकदा दिवसाउजेडी, सगळ्यांच्या समोर, ती रॉकेलचा बोळा घेऊन चौथऱ्यावर चढली आणि शेंदूर पुसायला लागली. डोकं मोकळं केलं, तोटी मोकळी केली. खालचा हिरवा रंग दिसायला लागला तसा लोकांचा आवाज चढला. दोघी-तिघींनी तिला धरून खाली आणलं. नरसम्मानं तिला धरलं नाही, पण सोडवलंही नाही. तिच्या नातवाच्या नोकरीचा नवस होता तिथं. संध्याकाळपर्यंत नवा शेंदूर लागला, आधीपेक्षा जाड. तेव्हापासनं बोळात हिच्याशी बोलणं बंद झालं. कुणाला ताप आला तरी हिनं रॉकेल लावलं म्हणून आला. म्हातारी चळली, म्हणायचे. ती चळली नव्हती. शुद्धीवर होती, तोच तिचा त्रास होता.

तरी तेलाची वाटी काही सुटली नाही. आठवड्याला एकदा जायची, कठड्याबाहेर उभी राहायची, बांगडी कठड्यालाच वाजवायची. लोकांना वाटायचं पाया पडायला येते, पश्चात्ताप झाला. वाटी भरलेलीच घेऊन घरी यायची आणि तेल परत बरणीत ओतायची.

ती गेली त्या दिवशी खांदा द्यायला दिलीप सगळ्यांत पुढं होता. सरण पेटल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. आईनं बोलावून घेतलं. तिनं रॉकेल लावलं होतं ना, पण आईनं माफ केलं असणार." मी सरणाकडं बघत राहिलो. बाकीचेही तेच बोलत होते, फक्त माफीचं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरात पाण्याचा थेंब नव्हता. तिनं भरलेलं सगळं तिलाच आंघोळ घालायला गेलं होतं, उरलेलं आल्यागेल्याच्या हातपायाला. रांजण उपडा. नळ येणार तो अजून चार दिवसांनी. कोपऱ्यात ती चादर पडलेली, जिच्यावर ती शेवटी निजली होती. नरसम्मा चहा घेऊन आली. कालचा दिवस सोडला तर बऱ्याच दिवसांनी आमच्या उंबऱ्याच्या आत आली. रडून डोळे सुजलेले.

"आण्णा, ती चादर बाहेर टाकून द्या. मेल्या माणसाखालचं तसं ठेवू नये घरात."

"टाकणार नाही. धुणार."

"पाणी कुटं हाय धुवायला?"

मी चहा पिला. चादर खांद्यावर घेतली, बादली घेतली, साबण घेतला आणि जब्बारच्या दुकानात गेलो. त्यानं नुकतंच दार उघडलं होतं. मला बघून उठला, छातीवर हात ठेवला.

"हातोडा दे. आणि छिन्नी."

माझ्या खांद्यावर काय आहे ते त्यानं बघितलं. मग चौथऱ्याकडं बघितलं. "काका, मैं आता नई साथ में."

"तू येऊच नको. दुकान बंद करून घरी जा. कुणी विचारलं तर म्हाताऱ्यानं न विचारता उचलला म्हणून सांग."

त्यानं हातोडा दिला. छिन्नी दिली. मागनं एक लहान तेलाची बाटली आणून बादलीत टाकली. दुकान मात्र बंद केलं नाही.

मी चौथऱ्यावर चढलो. पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं, तेवढी शाळा झालीय. साखळीवर छिन्नी ठेवली आणि हाणली. तिसऱ्या-चौथ्या घावाला कुलूप तुटलं. आवाजानं लोक बाहेर आले. दिलीप बनियनवर आला.

"काका! काका, खाली उतरा! सुतक आहे तुम्हाला!"

"हाय की. काल बायको मेली माजी. खांदा दिलास न्हवं तू?"

"अहो, सगळं बाटलं ना!"

"बाटलं," मी म्हणालो. मुखवटा काढला, तो हलकाच निघाला, आणि त्याच्या हातात दिला. "ही तुजी आई. घरी ने. सांबाळ."

त्यानं तो धरला खरा, पण मी हात लावलेला, म्हणून अंगापासनं लांब धरला. "आता सगळी शुद्धी करायला लागेल. गुरुजी बोलवायला लागतील."

"बोलाव. पन मला अजून लई दिवस सुतक हाय. मी रोज येनार पाण्याला. तू रोज बोलाव."

कुणी मला धरायला पुढं आलं नाही. धरणार कसे? मला शिवलं की आंघोळ करावी लागणार, आणि कालच्या मयताच्या आंघोळी झाल्यावर दुसऱ्या आंघोळीला पाणी कुणाच्या घरात होतं?

दांड्याचं लाल कापड सोडलं. सांध्यात जब्बारचं तेल सोडलं. हापसायला लागलो. आधी नुसती हवा. मग घशात अडकल्यासारखा आवाज. मग लाल गंजाचं पाणी. हात भरून आले, थांबलो, परत सुरुवात केली. लाल कमी होत गेलं. बादलीत तळ दिसायला लागला तेव्हा भरून घेतली.

चादर मी हापशाशी धुतली नाही. तिचा कायदा. खाली रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूला नेऊन धुतली. तीनदा पाणी नेलं. कालचा साबण आत राहिला होता, तो सगळा निघाला. मग पिळायची वेळ आली. एकटा माणूस, भिजलेली चादर. इकडं तिकडं बघितलं. नरसम्मा घागर कमरेवर घेऊन बोळाच्या कोपऱ्यावर उभी होती. पुढं येत नव्हती, मागंही जात नव्हती. मी काही हाक मारली नाही.

चादर घेऊन परत वर चढलो. एक टोक दांड्याला अडकवलं, दुसरं हातात धरून पिळायला लागलो. हापशानं उलटा पीळ दिला नाही, सुलटाही दिला नाही. नुसतं धरून ठेवलं. पाणी चौथऱ्याच्या फरशीवर पडलं, तेवढा तिचा कायदा मोडला.

पीळ बसला. चादर खांद्यावर टाकली. तुटलेलं कुलूप पायाशी पडलं होतं, ते उचललं आणि गटारात फेकायला हात उगारला. मग आठवलं. गटार तुंबलं असतं, ती ओरडली असती. कुलूप खिशात घातलं आणि घरी आलो.